हवेत उचललेला डबा

१

"पासपोर्ट हातात ठेवा. अंगावर, पिशवीत सोनं असेल तर तेही काढून ठेवा. मागाहून कस्टमवाल्यांशी मी भांडत बसणार नाही."

सरहद्द जवळ आली की डब्याचा अटेंडंट वालेरियु प्रत्येक कंपार्टमेंटच्या दारात डोकं घालून हेच म्हणायचा. मोल्दोवातल्या किशिनाऊहून संध्याकाळी निघालेली, रोमानियात बुखारेस्टला जाणारी गाडी आता उंगेनीत शिरत होती. जून महिन्याचं ऊन अजून खिडकीच्या पडद्यावर रेंगाळत होतं.

खालच्या बर्थवर बसलेली पारास्कोविया म्हातारी लगबगीने उठली. बर्थची फळी वर उचलून तिने खालच्या पेटीतून आपली कापडी पिशवी ओढली आणि आत हात घातला. हात आत फिरला, पुन्हा फिरला, आणि तिथेच थांबला.

"क्रूस नाही," ती म्हणाली. "माझ्या पोराचा क्रूस. सोन्याचा."

त्या कंपार्टमेंटमध्ये आणखी तिघं होती. समोरच्या बर्थवर आग्रिपिना रोतारू, तिच्या डोक्यावरच्या बर्थवर जुन्या वस्तूंचा व्यापारी ग्रिगोरे बुल्हाक, आणि म्हातारीच्या वरच्या बर्थवर वाटेत कालाराशला चढलेली एक सावळी, लांब वेणीची मुलगी. गलका ऐकून शेजारच्या कंपार्टमेंटमधली लिलियाही धावत आली. लिलिया परदेशातून कपडे आणून विकायची आणि तिचा आवाज तिच्याआधी पोचायचा.

तिने आत पाऊल टाकलं, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती नजर त्या मुलीवर येऊन थांबली. तिने काही विचारलंसुद्धा नाही.

"वालेरियु, अरे बघतोस काय? जिप्सीण बसलीय इथे आणि तू पासपोर्ट कसले मागतोस? पिशवी उघड तिची!"

आणि वालेरियुने उघडली. परवानगी नाही, प्रश्न नाही. त्याने त्या मुलीची बॅग वरून खेचली आणि बर्थवर सरळ पालथी केली. दोन पोशाख, बूट, फणी, आतले कपडे, प्रमाणपत्रांची फाइल, आणि कागदात जपून गुंडाळलेला, इस्त्री केलेला एक पांढरा कोट. लिलियाने तो कोट उचलून खिसे उलटे केले, झटकला आणि गोळा करून टाकला. दाराशी जमलेले प्रवासी माना उंचावून बघत होते. एकजण तर सफरचंद खात खात बघत होता.

क्रूस नव्हता. पुन्हा एकदा सगळं उपसलं. नव्हताच. मग लिलियाने अस्तर चाचपलं.

"नाही ना?" ती विजयी मुद्रेने म्हणाली. "म्हणजे कुठेतरी दडवलाय. या लोकांना काय शिकवायला लागतं?"

सापडला असता तर चोर, आणि नाही सापडला तर पक्की चोर! आग्रिपिना रोतारूची कानशिलं तापली. तीस वर्षं तिने बेल्त्स शहरात गुन्ह्यांचे तपास केले होते आणि नोकरीतून निवृत्त झाल्यावर असल्या कारभाराशी आपला संबंध संपला, अशी तिची समजूत होती.

"मी हात लावलेला नाही," मुलगी म्हणाली. तिचं नाव झाम्फिरा. आवाज कापत होता, पण ती रडत नव्हती. "मी नर्स आहे. उद्या सकाळी बुखारेस्टच्या दवाखान्यात हजर व्हायचंय मला. नाही झाले तर जागा दुसरीला देणार आहेत."

"ते पोलिसांना सांग," वालेरियु म्हणाला. "चाकं बदलून झाली की येतीलच. सामान आवर. तुला इथेच उतरवतो."

२

उंगेनीला चाकं बदलावी लागतात, कारण पुढचे रूळ अरुंद आहेत. एकेक डबा सुटा करून मोठ्या शेडमध्ये नेतात, आतल्या माणसांसकट जॅकवर उचलतात, खालची रुंद चाकं काढून घेतात आणि अरुंद सरकवतात. तोपर्यंत दारं बंद, संडास बंद, खाली उतरायची सोय नाही. आतले लोक हवेत टांगलेले.

"दारं लागली?" आग्रिपिनाने विचारलं.

"लागली, बाई."

"छान. म्हणजे क्रूस डब्यातच आहे आणि पोलीस यायला अवकाश आहे. तोवर या पोरीच्या अंगाला कुणी बोट लावायचं नाही."

"तुम्ही कोण सांगणार?" लिलिया कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"मी? तुझ्यासारख्या तोंडाळ बायकांचे जबाब घेण्यात जिची ऐन उमेद गेली ती. आणखी काही विचारायचंय?"

लिलियाला आणखी काही विचारायचं नव्हतं. गर्दी पांगली. डब्याखाली लोखंड करकरलं आणि सगळा डबा हळूहळू वर जाऊ लागला. आग्रिपिना खिडकीशी बसून संध्याकाळ पहिल्यापासून आठवू लागली.

किशिनाऊला ती सगळ्यात शेवटी चढली होती. तेव्हा पारास्कोविया डब्यातल्या बोळात खिडकीपाशी उभी राहून पोचवायला आलेल्या भाच्याला हात हलवत होती, आणि ग्रिगोरे आत तिची जड पिशवी पेटीत ठेवून फळी बंद करत होता. सोनेरी काड्यांचा चष्मा, नीट पाडलेला भांग, मधात बुडवून काढल्यासारखा आवाज. "म्हाताऱ्या माणसाला कुठे वाकायला लावायचं," असं तो आग्रिपिनाला म्हणाला होता, आणि तिला तो बरा वाटला होता.

म्हातारीने फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधला होता. पहिल्यांदाच देशाबाहेर चालली होती. विमानाची भीती वाटते म्हणून बुखारेस्ट, मग बुडापेस्ट, मग व्हिएन्ना अशा रात्रीच्या गाड्या बदलत इटलीत पादुआला जायचं. "मुलाकडे चाललेय," एवढंच तिने सांगितलं. एकदा बसली ती बर्थवरून हलली नाही. तिकिटंसुद्धा तिने बसल्या जागीच दाखवली.

कालाराशला गाडी बराच वेळ थांबली. फलाटावरच्या बायका बादल्या घेऊन खिडकीशी आल्या. लिलियाने शेजारून येऊन चेरी घेतल्या, आग्रिपिनाने घरचे चीजचे परोठे सोडले आणि ग्रिगोरेने घरच्या वाइनची बाटली काढली. वालेरियुही चहाचे ग्लास घेऊन आला आणि दारातच रेंगाळला.

"आज खणखणून भिडवणार बघा," लिलिया म्हणाली. "काल मयताच्या जेवणाला गेले होते, दूरचा चुलता. ग्लासाला ग्लास लावायचा नाही, आधी जमिनीला थेंब द्यायचे, मग आपण घुटका घ्यायचा. तीन तास तोंड शिवून बसले होते हो!"

"तू? तीन तास?" वालेरियु म्हणाला. "मग मेलेला उठून बसला असेल, कोण गेलं बघायला."

सगळे हसले. लिलियाने ग्लास उंचावला. "मावशीच्या मुलाच्या नावाने! शंभर वर्षं जगो!" खिडकीतून अजून चेरीवाली हात पुढे करत होती, वालेरियु तिला हाकलत होता, ग्लास एकमेकांवर आपटत होते, आणि त्या गडबडीत वाइनचे दोन थेंब आग्रिपिनाच्या पांढऱ्या कापडी बुटावर पडले.

"माफ करा, ताई," ग्रिगोरे खजील होऊन म्हणाला. "गाडीने हिसका दिला." लगेच वाकून त्याने रुमालाने बूट पुसला. डाग राहिलाच.

त्यानंतर झाम्फिरा आत आली, "नमस्कार" म्हणाली, आणि कुणीच उत्तर दिलं नाही. तिची बॅग तिनेच वर चढवली. गाडी सुटली. लिलियाने दुसरा ग्लास आपल्या धंद्याच्या नावाने भरला. या वेळी ग्रिगोरेने इतक्या उत्साहाने ग्लास भिडवला की लिलिया ओरडली, "अहो, फोडाल!" ग्लास पाच होते, माणसं सहा झाली होती. सहावीला परोठा विचारणारी फक्त आग्रिपिना निघाली, आणि तिनेही उशिराच विचारला.

मग ग्रिगोरेने चष्मा काढला, खिशातल्या रुमालात गुंडाळला, उशाखाली ठेवला आणि वर जाऊन पडला. उंगेनी जवळ आलं तेव्हा वालेरियुने संडासाला कुलूप लागणार असल्याची आरोळी दिली. सगळा डबा रांगेला धावला. तेव्हा म्हातारी पहिल्यांदा बर्थवरून उठली. कंपार्टमेंटमध्ये एकटी कोण राहिली, तर झाम्फिरा.

हाच तिच्याविरुद्धचा सगळा पुरावा होता. एक मुलगी आपल्या जागेवर बसून राहिली.

३

वालेरियुला आग्रिपिनाने त्याच्याच खोलीत गाठलं. तो पाण्याच्या बंबाशेजारी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता.

"कंपार्टमेंटच्या दुसऱ्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"माझ्याकडे. म्हणजे आता माझ्यावर येताय?"

"का नको? तू डब्यात सगळीकडे फिरतोस, तुझ्याकडे किल्ल्या आहेत. तुझी पिशवी कुणी पालथी केली?"

"बाई, मी वीस वर्षं या मार्गावर आहे!"

"आणि ती पोरगी चोवीस वर्षं या जगात आहे. तिचं काय?"

वालेरियुने बिया खाली ठेवल्या. "हे बघा, मला तिच्याशी काही वैर नाही. पण डब्यात चोरी झाली, की कुणीतरी उतरवावं लागतं. नाहीतर रिपोर्ट माझ्यावर येतो. तिच्यामागे कोण येणार आहे भांडायला?"

हे त्याने अगदी सरळपणे सांगितलं. निदान तो खोटं बोलत नव्हता.

लिलिया आपल्या कंपार्टमेंटमध्ये नखं रंगवत होती.

"रांगेत तू कुठे होतीस?"

"सगळ्यात पुढे. म्हातारी माझ्यामागे. विचारा तिला. माझ्या हाताला धरूनच आली आणि धरूनच गेली."

"कंपार्टमेंटमध्ये सोडायला गेलीस तेव्हा मुलगी काय करत होती?"

"वर बसून वाचत होती. सोंग नुसतं."

"फळी उचललेली? पिशवी हललेली?"

"नव्हती," लिलिया जरा अडखळली. "पण म्हणून काय झालं? तुम्ही लिहून घ्या माझं. मी बाजारात उभी असते, यांना ओळखते मी."

"तुझ्या दुकानातून यांच्यापैकी कुणी काही उचललंय कधी?"

"उचललं नाही. पण उचलतील ना!"

आग्रिपिना उठून बाहेर आली. आणखी थोडी थांबली असती तर नखांचा रंग लिलियाच्या डोक्यावर ओतला गेला असता.

ग्रिगोरे बोळात उभा राहून खाली चाललेलं काम बघत होता. डबा जमिनीपासून चांगला पुरुषभर उंच होता. खाली नारिंगी कोट घातलेली माणसं चाकांच्या जोड्या ढकलत होती.

"बिचारी पोर," तोच आधी म्हणाला. "माझं ऐकाल तर, ताई, तिला समजावून सांगा. क्रूस देऊन टाक म्हणावं, कुणी काही बोलणार नाही. वय लहान आहे. संस्कारच तसे, तिचा तरी काय दोष?"

लिलियाच्या आरडाओरड्यापेक्षा हा मध आग्रिपिनाला जास्त बोचला. लिलिया त्या मुलीला चोर म्हणत होती. हा तिला चोर ठरवून वर माफही करून मोकळा झाला होता.

"तुम्ही जुन्या वस्तूंचे जाणकार. किती मोलाचा असेल?"

"मी कुठे पाहिलाय? म्हाताऱ्या बायकांकडे असतात तसले झारच्या काळातले. कधी नुसता मुलामा असतो."

"पारास्कोविया कशासाठी चाललीय, काही बोलली तुमच्याशी?"

"मुलाला भेटायला ना? किती आनंदात आहे!" ग्रिगोरे हसला. "आईच ती. पोराला खाऊ घालायला परोठे-बिरोठे घेतले असतील."

डोळ्यांना त्रास होत होता म्हणून त्याने चष्मा काढला, पुन्हा तोच रुमाल काढून त्यात गुंडाळला आणि पँटच्या खिशात ठेवला. कोटाच्या वरच्या खिशातून चष्म्याचं चामडी घर डोकावत होतं.

खाली कुणीतरी शिट्टी वाजवली. अर्ध्या डब्याची चाकं बदलून झाली होती.

४

पारास्कोविया आणि झाम्फिरा समोरासमोर बसल्या होत्या. बर्थवर कपड्यांचा ढीग तसाच पडला होता. मुलीने त्याला हात लावला नव्हता.

"थोडा वेळ बाहेर थांबतेस का, बाळ?" आग्रिपिना म्हणाली. मुलगी गेली. आग्रिपिनाने दार सरकवलं आणि म्हातारीशेजारी बसली.

"ताई, क्रूस शेवटचा कधी पाहिलात?"

"स्टेशनवर. भाच्याच्या गाडीतून उतरताना पिशवीत हात घालून पाहिला."

"रांगेत जाण्याआधी?"

"नाही गं. मी उठलेच नाही ना."

"मग रांगेच्या वेळीच गेला, हे कुणी ठरवलं?"

म्हातारी गोंधळली. "ते सगळे म्हणाले म्हणून."

"पिशवीत आणखी काय आहे?"

म्हातारीने पिशवी छातीशी धरली. "घरचंच काहीबाही."

"पारास्कोविया ताई, पोलीस आले की त्या मुलीला खाली उतरवतील. तिची नोकरी जाईल. तुमच्या पिशवीत काय आहे, हे मला कळायला हवं."

म्हातारीने पिशवी उघडली. वर एक घडी घातलेला काळा रुमाल होता. त्याखाली वेणी घालून भाजलेले गोल पाव, हाताने विणलेला टॉवेल आणि त्याला बांधलेली मेणबत्ती. मोल्दोवाच्या कुठल्याही खेड्यातलं शेंबडं पोरही हे बघून सांगेल की घरात मयत झालंय. मेलेल्याच्या नावाने वाटायचं सगळं साहित्य होतं ते.

"अँड्रियान," म्हातारी म्हणाली. "परवा पडला. बांधकामावरून. सूनबाई म्हणाली, शवपेटी बंद करायचे थांबलेत, तुम्ही या. बारशाचा क्रूस तो घरी ठेवून गेला होता, परत आल्यावर घालीन म्हणून. तो त्याच्या गळ्यात घालायचाय मला."

आग्रिपिनाने तिचा हात धरला.

"का नाही सांगितलंत?"

"कुणाला सांगू? गाडीतले लोक हळहळतील, आणि मग ते खरं होऊन बसेल. फुलांचा रुमाल बांधला की कुणी विचारत नाही. ती लिलिया त्याच्या आयुष्याच्या नावाने ग्लास भिडवायला लागली ना, मीसुद्धा भिडवला. वाटलं, भिडवला तर कदाचित... वेडेपणा."

"खरंच कुणालाच सांगितलं नाहीत? वालेरियुला? ग्रिगोरेला?"

"एका शब्दाने नाही. तुलाच पहिली सांगतेय."

आग्रिपिनाची नजर खाली गेली, आपल्या बुटावरच्या लाल डागावर. ती बघतच राहिली. मग तिला इतका राग आला, की उठताना तिचं डोकं वरच्या बर्थला आपटलं आणि ते तिला कळलंही नाही.

५

डबा खाली आला. रुळावर टेकताना सगळ्या ग्लासांनी एकदम किणकिण केली. बाहेर बुटांचे आवाज येऊ लागले होते. वालेरियु दारात आला. त्याच्यामागे लिलिया, ग्रिगोरे आणि पुन्हा ते सफरचंदवाले वगैरे सगळे.

"चल गं," वालेरियु झाम्फिराला म्हणाला. "पोलीस चढतायत."

"ती कुठेही जाणार नाही," आग्रिपिना म्हणाली. "ग्रिगोरेसाहेब, तुम्ही जरा आत या. कालाराशला तुमच्या हातून माझ्या बुटावर वाइन सांडली. कशाने?"

"सांगितलं ना, ताई. गाडीने हिसका दिला."

"लिलिया, तू तेव्हा काय करत होतीस?"

"मी? चेरीवालीला पैसे... म्हणजे, ती खिडकीत होती," लिलिया म्हणाली, आणि तिचं तोंड जरा उघडंच राहिलं.

"बरोबर. गाडी फलाटावर उभी होती. उभ्या गाडीला हिसका कसला? आणि कालाराशला ग्लास भिडवले, त्यात ग्रिगोरेसाहेबांचा ग्लास कुणाच्या ग्लासाला लागला, आठवतंय कुणाला? वालेरियु? लिलिया?"

दोघं एकमेकांकडे बघू लागली.

"माझ्या नाही लागला," वालेरियु हळूच म्हणाला.

"माझ्याही नाही," लिलिया म्हणाली.

"कुणाच्याच नाही लागला. आणि पिण्याआधी दोन थेंब जमिनीला गेले. मध्ये माझा पाय होता, म्हणून बुटावर पडले."

"त्यात काय एवढं?" ग्रिगोरे हसायचा प्रयत्न करत होता. "माझी सवयच आहे. माझे वडील..."

"सवय? पुढचा ग्लास लिलियाच्या धंद्याचा होता. तो तर तुम्ही फोडायला निघाला होता! म्हणजे फक्त पारास्कोवियाच्या मुलाच्या नावाचा ग्लास तुम्ही मयताचा म्हणून प्यालात. हिचा मुलगा गेलाय, हे या डब्यात एकालाही ठाऊक नव्हतं. मला मघाशी कळलं. तुम्ही तर अर्ध्या तासापूर्वी मला सांगत होता, मुलाला भेटायला चाललीय, किती आनंदात आहे!"

म्हातारीने काहीच लपवलं नाही. तिने काळा रुमाल पिशवीतून काढला आणि मांडीवर ठेवला.

"तुला कुणी सांगितलं रे, माझा अँड्रियान गेला म्हणून?" तिने ग्रिगोरेला विचारलं.

ग्रिगोरे दाराकडे वळला, पण तिथे वालेरियु उभा होता.

"मी सांगते," आग्रिपिना म्हणाली. "किशिनाऊला, ताई, तुम्ही बाहेर हात हलवत होता. याने पिशवी पेटीत ठेवली, आणि ठेवताना उघडून पाहिली. पाव, मेणबत्ती, टॉवेल, काळा रुमाल. सगळं कळलं याला. आणि त्याच्याबरोबर क्रूस दिसला. नंतर तुम्ही त्या फळीवरून उठलाच नाहीत, म्हणजे त्याला पाव-मेणबत्ती दिसली ती तेव्हाच. ही मुलगी गाडीत चढायच्या कितीतरी आधी!"

"हे सगळे तर्क झाले," ग्रिगोरेचा मध आता पार आटला होता.

"मग झडती द्या."

"माझी झडती? कुठल्या अधिकाराने?"

"तिची घेतलीत, त्याच अधिकाराने! तेव्हा विचारलात का हा प्रश्न? तीनदा उपसली तिची बॅग, तुम्ही वर पडून बघत होता! बाकी कुणाचा एक खिसा तरी कुणी उलटा केला?" आग्रिपिनाचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत गेला. "राहू द्या. मला सगळी झडती नकोच. खिशात चष्म्याचं छान घर बाळगणारा माणूस संध्याकाळपासून चष्मा रुमालात का गुंडाळतोय, तेवढं फक्त दाखवा."

ग्रिगोरेचा हात आपोआप कोटाच्या खिशाकडे गेला. नको तिथे गेलेला हात त्याला मागे घेता येईना. वालेरियुने घर काढून उघडलं. आत बोटाच्या पेराएवढा, झिजून गुळगुळीत झालेला सोन्याचा क्रूस होता.

"मेलेल्याच्या निरोगी आयुष्याच्या नावाने ग्लास भिडवायची तुझी छाती झाली नाही," आग्रिपिना म्हणाली. तुम्ही-बिम्ही आता संपलं होतं. "अपशकुन होईल म्हणून घाबरलास. त्याच्या नावाने दोन थेंबही दिलेस, मोठा देवभोळा! आणि त्याच्याच आईची पिशवी फोडलीस. वर या पोरीला संस्कार नाहीत म्हणतोस? तुझे संस्कार तेवढ्या दोन थेंबांत संपले!"

ग्रिगोरे म्हातारीकडे बघायला तयार नव्हता. पोलिसांनी त्याला खाली उतरवला, तेव्हा त्याने स्वतःहून कोटाची बटणं लावली आणि कुणाकडेही न बघता निघून गेला. पारास्कोवियाने फुलांचा रुमाल सोडला, काळा बांधला आणि क्रूस मुठीत धरून बसली. आता तिला बघून एकजणही हळहळला नाही. सगळे नुसते गप्प होते.

पोलिसांनी सर्वांचे पासपोर्ट पाहिले, झाम्फिराचाही पाहिला आणि शिक्का मारून परत दिला.

मग डब्याला जरा कंठ फुटला. "चला, देवाची कृपा," वालेरियु म्हणाला. "मिटलं एकदाचं." लिलियाने उरलेल्या चेरी पुढे केल्या. "घे गं पोरी. मनावर घेऊ नकोस. गडबडीत होतं असं कुणाचंही."

मिटलं! आग्रिपिना काहीतरी जळजळीत बोलणार, तेवढ्यात झाम्फिराच बोलली.

"मला चेरी नकोत. माझी बॅग भरून द्या."

"काय?"

"बॅग. तुम्ही उपसलीत. मी भरली होती तशी भरून द्या."

पारास्कोवियाने आधी हात पुढे केला. ढिगातला एक पोशाख तिने मांडीवर घेतला. झाम्फिराने तो हळूच तिच्या हातातून काढून घेतला.

"तुम्ही नाही, आजी. तुम्ही बसा."

तिने तो पोशाख पुन्हा ढिगावर ठेवला आणि बाजूला होऊन उभी राहिली. बोळातले लोक हलले नाहीत. मघाशी ज्यांनी माना उंचावून पाहिलं होतं ते आताही पाहत होते. लिलियाने वालेरियुकडे पाहिलं, वालेरियुने आग्रिपिनाकडे. आग्रिपिनाने त्या दोघांना जागा व्हावी म्हणून आपले पाय वर घेतले.

वालेरियु वाकला. बूट, फणी, फाइल. लिलिया वाकली. ओल्या रंगाची नखं सांभाळत तिने आतले कपडे सगळ्यांदेखत एकेक करून घडी केले. तिच्या कानापर्यंत लाली चढली होती. शेवटी पांढरा कोट राहिला. तिने तो उचलला, झटकला, कशीबशी घडी घातली आणि बॅगेत ठेवला.

गाडी अरुंद रुळांवरून निघाली. झाम्फिराने बॅगेत डोकावून पाहिलं.

"कोटाची घडी चुकलीय," ती म्हणाली. "उद्या तो घालून मला उभं राहायचंय. परत घाला."